डाव्या भिंतीने जाणारा ठिपका

वंदना, परवा प्राजूने तुला कॉम्प्युटरमध्ये घातलं. फोटो नाही, नाव नाही, नुसता एक हिरवा ठिपका. तो शेडच्या दारातून आत शिरतो आणि पिल्लांच्या पिवळ्या ठिपक्यांमधून चालायला लागतो. "आई, ही काकू," प्राजू म्हणाली. तुला जाऊन अजून दीड महिनाही झालेला नाही. मला रडू यायला हवं होतं. आला तो हेवा. मनात आलं, झालं, इथेसुद्धा हीच.

खोटं लिहायची मला सवय नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. चांगलं पुढे येईल. पण सतरा वर्षं जे होतं ते आधी.

आपण दोघी जावा. मी मोठी, तू धाकटी. मी शहापूरची बी.कॉम., तू वैशाखऱ्याची बी.एस्सी., प्राणिशास्त्राची. लग्नाआधी मुरबाडला ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवत होतीस. किन्हवलीच्या या घरात तू आलीस तेव्हा घरामागची कोंबड्यांची शेड नवीनच होती. कंपनीने पिल्लं आणि खाद्य द्यायचं, आपण वाढवून परत द्यायचं, हा धंदाच तेव्हा घरात सगळ्यांना नवा होता. कामं कोणी वाटून दिली नाहीत, आपोआप वाटली गेली. खाद्य किती गेलं, पाणी किती लागलं, वजन किती भरलं, मरतुक किती झाली, हे माझ्याकडे. पिल्लं तुझ्याकडे. मी शेडच्या दारात उभी असायची, तू आत असायचीस.

त्यात मला कमीपणा वाटत नव्हता, हे नीट समजून घे. आकड्यांवाचून शेड चालत नाही. माझ्यावर जबाबदारी होती आणि ती मी चोख केली. हेवा तिथून सुरू झाला नाही. तो सुरू झाला प्राजूपासून.

पोरगी माझी, पण तू या घरात आलीस तेव्हापासून तुझ्यामागे. शिकायला पुण्याला गेली, जीवशास्त्र आणि कॉम्प्युटर दोन्ही मिळून काहीतरी. फोन यायचा माझ्या मोबाइलवर. "आई, जेवलीस का?" "हो. तू?" "हो. काकू आहे का तिथे?" एवढंच माझ्या वाट्याचं. मी मोबाइल तुझ्या हातात द्यायची आणि तू मागच्या पायरीवर जाऊन बसायचीस. मी गॅसपाशी उभी, आणि पायरीवरून तुमचं हसणं ऐकू यायचं. तुला तुझा ओंकार होता. तो कोणाशीच चार शब्द धड बोलत नाही ही गोष्ट वेगळी, पण होता ना? मग माझीच कशाला?

मागच्या दिवाळीत ती लॅपटॉप घेऊन आली, आठवतं? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. कोंबड्यांच्या शेडमध्ये गंबोरो रोग कसा पसरतो, ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. आपल्या शेडचे आकडे घेऊन, म्हणजे माझे आकडे घेऊन. ओटीवर बसून तिने सगळ्यांना समजावलं. "याला एजंट-बेस्ड मॉडेल म्हणतात."

"तालुक्यात जमिनीचे एजंट कमी झाले काय," प्राजूचे बाबा म्हणाले, "म्हणून तू आणखी आणलेस?"

"बाबा! इथे एजंट म्हणजे एकेक पिल्लू. हा एक ठिपका, एक पिल्लू. सगळ्या शेडचा मिळून एक हिशोब मांडायचा नाही. प्रत्येकाला त्याचे त्याचे नियम द्यायचे. कसं फिरायचं, पाणी कधी प्यायचं, शेजारचं आजारी असलं तर काय होणार. आणि मग सोडून द्यायचं. रोग कसा पसरेल ते आपण सांगायचं नाही, बघायचं."

तिने बटण दाबलं आणि पडद्यावरचे पिवळे ठिपके वाट फुटेल तिकडे हिंडायला लागले. आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. तू पदर तोंडाला लावून हसायला लागलीस.

"प्राजू, ही कोंबडी हाय की बाजाराच्या दिवशीचा दारुडा?"

मी चिडले. "पोरीने एवढं डोकं घातलंय गो त्यात, आणि तू हसतेस?" वरवर चिडले, खरं सांगते. आतून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आता पोरगी दुखावेल, आता कळेल तिला. पण प्राजू दुखावली नाही. तिने सरकून जागा केली. "काकू, बस ना. मग कशी फिरते, सांग."

तू बसलीस आणि सांगायला लागलीस. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिव्याच्या उबेशी गोळा होतं. मग थोडे दिवस धावतं. आणि तिसऱ्या आठवड्यानंतर फारसं हलतच नाही. "ही जातच वजनासाठी केलेली. पाय अंगाला पुरत नाय. खायचं, प्यायचं, बसायचं. त्याला रोग द्यायला एक तर अगदी चिकटून बसलेला शेजारी लागतो, नायतर खाली पसरलेलं भाताचं तूस." गंबोरोचा विषाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि तुसात आठवडेच्या आठवडे टिकून राहतो, हे तू तिला सांगितलंस. मग म्हणालीस, "तुसाला पण नियम दे, प्राजू. कोंबडी गेली तरी तूस लक्षात ठेवतं."

"तूस काय एजंट आहे?" मी विचारलं.

तुम्ही दोघींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एकमेकींकडे, आणि एकदम हसलात. मी आत जाऊन चकल्या तळायला घेतल्या. एकही करपू दिली नाही.

आपला वाद त्या दिवाळीत सुरू झाला आणि मिटायचा राहिला. तो इथे नीट मांडून ठेवते, कारण माझी बाजू अगदीच पोरकट नव्हती. गंबोरोची लस आपण पाण्यातून देतो. लस म्हणजे दुबळा केलेला तोच विषाणू. ज्या पिल्लाने ती प्यायली, त्याच्या विष्ठेतूनही ती थोडी बाहेर पडते आणि शेजारच्या पिल्लाला मिळते. मग मी म्हणत होते, शंभरातल्या ऐंशींनी पाणी प्यायलं तरी बाकीच्यांची सोय होते. सरासरी चांगली असली की शेड सुरक्षित.

तू म्हणायचीस, "वैनी, शेजारी म्हंजे कोण? तुमच्या सरासरीत सगळी पिल्लं एकमेकांची शेजारी. शेडमध्ये तसं नाय. दारातलं पिल्लू कोपऱ्यातल्याला जन्मात भेटत नाय."

"म्हणजे ज्यांनी सरासरी काढली ते सगळे मूर्ख?"

"मूर्ख नाय हो. त्यांनी कोंबड्या पाळल्या नाय."

हे उत्तर प्राजूने पुण्यात तिच्या मैत्रिणींना सांगितलं. माझं कुठलं वाक्य तिने कुणाला सांगितल्याचं मला माहीत नाही.

लशीच्या दिवशी हाच वाद शेडमध्ये व्हायचा. सकाळी पाण्याची भांडी काढून घ्यायची, म्हणजे पिल्लांना तहान लागते. मग पाण्यात दुधाची पावडर, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनने लस मरत नाही. मग लस, आणि निळा रंग. ज्याने पाणी प्यायलं त्याची जीभ निळी होते. भांडी ठेवली की तासा-दोन तासांत बघायचं, किती जिभा निळ्या. मी दाराजवळची वीस पिल्लं उचलून चोच उघडून बघायची. एकोणीस निळ्या निघायच्या. मी लिहून टाकायची आणि समाधानाने हात धुवायची. तेवढ्यात तू पार मागच्या कोपऱ्यातून यायचीस, दोन हातांत दोन पिल्लं. अंगठ्याने चोच उघडून माझ्यापुढे धरायचीस. जिभा गुलाबी.

"ही बघा तुमची सरासरी."

"दोन पिल्लांवरून काय ठरतं गो?"

"त्या दोघांचं ठरतं ना."

आणि त्या दोघांना पाण्याशी नेऊन त्यांच्या चोची बुडवायचीस. मला वाटायचं, काय हे नाटक. हजारो पिल्लांत दोन.

आता जे लिहायचं ते मला जड जातं. उन्हाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. प्राजूचा व्हिडिओ कॉल होता. मी ओटीवर वाल सोलत होते, तू आत ऑम्लेट करायला अंडी फोडत होतीस. प्राजूला प्रश्न पडला होता: लस पहिल्या दिवशीच का देत नाहीत, दुसऱ्या आठवड्यापर्यंत का थांबतात? तू फोडलेलं अंडं वाटीत घेऊन बाहेर आलीस आणि मोबाइलपुढे धरलंस.

"हा बलक बघ. आईला ज्या रोगांची ओळख झालेली असते, त्यांच्याशी लढायची अँटीबॉडी ती यातून पिल्लाला देते. पिल्लू जन्मतं ते आईची ही शिदोरी घेऊन. स्वतःचं काय नसतं त्याच्याकडे. त्याची लढणारी सेना तयार होते शेपटीजवळच्या एका बारीकशा पिशवीत, आणि गंबोरो नेमका त्या पिशवीवर जातो. शिदोरी हाय तोवर पिशवी वाचते. पण ती दिवसागणिक संपत जाते."

"मग आधीच लस द्यावी ना."

"तिथंच तर गंमत हाय. आईची अँटीबॉडी लशीला पण मारते. तिला काय कळतं, हा खरा विषाणू की दुबळा केलेला? आला की मारला. शिदोरी संपेपर्यंत लस लागू होत नाय, आणि संपल्यावर उशीर केला तर खरा रोग आधी पोचतो. आणि सगळ्या आया सारख्या नसतात, म्हणून कुणाची शिदोरी लवकर संपते, कुणाची उशिरा. प्रत्येक पिल्लाचा दिवस वेगळा. आपण मात्र सगळ्यांना एकाच दिवशी पाजतो." मग माझ्याकडे बघत म्हणालीस, "म्हणून तुला ठिपके पायजेत. सरासरी नाय."

मी वालाची टरफलं झटकत म्हटलं, "म्हणजे शेवटी दोष आईचाच."

"दोष नाय हो वैनी. पण हाय खरी तुमच्यासारखीच. रोगाला शिरू देत नाय, अन् लशीलाही नाय!"

पलीकडे प्राजूला हसता हसता ठसका लागला. "आई, तू अँटीबॉडी!" तूही हसत होतीस. मी वालाची परात उचलली आणि आत गेले. चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू चहा पुढे ठेवायचीस, मी प्यायची, कप विसळून ठेवायची. पाचव्या दिवशी खाद्याची गाडी आली, पोती मोजायची होती, म्हणून बोलणं सुरू झालं. त्या विषयावर मात्र पुन्हा कधीच नाही.

मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. ते सुचलं गेल्या आठवड्यात, पाण्याची भांडी घासताना. वंदना, आईकडची ती शिदोरी नसती तर पिल्लू पहिल्या आठवड्यातच गेलं असतं. लशीची वेळ यायला पिल्लू तोवर जगावं लागतं. ते कोण जगवतं? उत्तर इतकं बरोबर होतं की मी भांडं हातात घेऊन वळलेच, तुला ऐकवायला. आत पिल्लांशिवाय कोणी नव्हतं.

तुझ्याकडे याचंही प्रत्युत्तर असणार. ते काय असेल, याचा मी आठवडाभर विचार करते आहे. सापडत नाही.

आता चांगलं लिहिते, म्हटलं होतं ना. चैत्रात प्राजू दोन दिवस आली होती तेव्हा मागच्या पायरीवर तुम्ही बसला होतात. मी स्वयंपाकघरात होते, तुम्हाला माहीत नव्हतं. प्राजू म्हणाली, "आईचे आकडे हाताने लिहिलेले आहेत काकू, कंपनीच्या सुपरवायझरकडून घेऊ का?" मी पीठ मळायचं थांबवून ऐकत राहिले. तू म्हणालीस, "खुळी हाय काय? वैनीचा आकडा सोडून दुसऱ्या कुणाचा घेऊ नको. ती बाई मेलेलं पिल्लू दोनदा मोजत नाय, अन् एकदाही विसरत नाय. तुझे सगळे नियम चुकले तरी तो आकडा खरा राहील. त्यालाच लावून बघायचे नियम."

माझ्याबद्दल इतकं चांगलं या घरात कोणी बोललेलं नाही. मी बाहेर येऊन काहीतरी म्हणायला हवं होतं. पण तेव्हाही मला काय वाटलं सांगू? हिचं मन मोठं आहे, आणि माझं नाही, याचाही मला हेवा वाटला. मी पोळ्या लाटायला लागले. त्या दिवशी तुझ्या ताटात तूप थोडं जास्त वाढलं. तुला ते कळलं असेल असं मी धरून चालते.

तू गेलीस ते कसं, कशाने, ते इथे लिहीत नाही. दोन दिवसांत सगळं झालं आणि ते ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक आहे. पिल्लं येऊन तेव्हा आठवडाच झाला होता. पिल्लांना सुतक कळत नाही. तुझ्या दहाव्याच्या आधीच लशीचा दिवस आला. घरात वैशाखऱ्याची माणसं, मुरबाडची माणसं, मी स्वयंपाकघरातून बाहेर पडू शकत नव्हते. भाऊजींना तर काही विचारायची सोय नव्हती, ते भिंतीकडे बघत बसलेले. लस प्राजूच्या बाबांनी पाजली. संध्याकाळी मला म्हणाले, "सगळं बरोबर केलंय. दूध पावडर टाकली, रंग टाकला. वंदना मारायची तशा फेऱ्या पण मारल्या."

चौथ्या आठवड्यात पिल्लं मरायला लागली. पिसं फुललेली, मान खाली, पांढरी पातळ विष्ठा. आधी दोन-चार, मग टोपलीभर. मी मोजत होते, दुसरं काय करणार. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. दाराकडची पिल्लं चांगली होती. मरत होती ती मागच्या डाव्या कोपऱ्यातली आणि भिंतींच्या कडेची. सुपरवायझर आला, म्हणाला, हवा बदलली. मी मान हलवली. पण आयुष्यात पहिल्यांदा मी मरतुकीच्या एका आकड्याऐवजी शेडचा नकाशा काढला आणि कुठे किती ते त्यावर मांडलं. तू असतीस तर टाळी वाजवली असतीस. बरं झालं, नव्हतीस. मला ते सहन झालं नसतं.

प्राजू तुझ्या तेराव्याला आली आणि राहिली. तिने मॉडेल बंद करून ठेवलं होतं. प्रकल्प द्यायची तारीख जवळ आली होती आणि ती लॅपटॉप उघडत नव्हती. "काकूने अर्धे नियम सांगायचे ठेवले होते," एवढंच म्हणायची. माझ्या मनात काय होतं ते सांगते. प्रकल्पाची काळजी होतीच. पण त्याहून मोठी भीती ही होती, की तू गेलीस तर पोरगी माझ्याकडे येईल असं मी इतकी वर्षं कुठेतरी धरून चालले होते, आणि ती येत नव्हती. तुझी जागा रिकामी होती आणि तरी ती मला मिळत नव्हती.

मग मी शिकले. तिने छापून ठेवलेले कागद घेऊन बसले, न कळलेलं पुन्हा वाचलं. शेपटीजवळची पिशवी, बलकातली शिदोरी, ती निम्मी व्हायला लागणारे दिवस. आकडे आले की मला सोपं जातं. एका दुपारी मी तिच्यापुढे तो मरतुकीचा नकाशा ठेवला. म्हटलं, "या कोपऱ्यात लस पोचली नाही. शिदोरी संपली आणि तुसातल्या रोगाने आधी गाठलं. तुझ्या मॉडेलमध्ये घालून बघ, असंच दिसतं का."

तिने नकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि लॅपटॉप उघडला.

दोन दिवस ती खटपट करत होती. मॉडेल मागच्या बॅचेसना जुळत नव्हतं. नियमांप्रमाणे चालवलं तर प्रत्येक बॅचमध्ये तो कोपरा मरायला हवा होता. पण माझ्या आकड्यांत, सतरा वर्षांच्या, तेवढी मरतुक कधीच नव्हती. आणि माझे आकडे खोटे नाहीत, हे तूच तिला सांगून ठेवलेलं. मग परवा ती अचानक म्हणाली, "आई, मी पिल्लांना नियम दिले, विषाणूला दिले, तुसाला दिले. काकूला नाही दिले. लशीच्या दिवशी शेडमध्ये काकूसुद्धा होती."

असा आला तो हिरवा ठिपका. तो दारातून शिरला, दोन्ही रांगांतल्या पाण्याच्या भांड्यांमधून सरळ मागे गेला, वळला, सरळ परत आला. त्याला बघून पिवळे ठिपके दोन्ही बाजूंना पांगले, भिंतींशी जाऊन बसले. जे पाणी प्यायले ते निळे झाले. भिंतींच्या कडेला पिवळं ते पिवळंच राहिलं.

"उलट जास्त वाईट झालं," प्राजू म्हणाली. "म्हणजे काकूचा काही परिणाम नव्हता?"

"चुकलं," मी म्हटलं.

"काय चुकलं? बाबांना विचारलं मी, मधून फेऱ्या मारायची म्हणाले. काका म्हणाले, सरळ चालायची."

"त्यांना काय ठाऊक? ते कधी बघत होते? ती मधून नाही जायची. डाव्या भिंतीला खेटून जायची. मधून गेलं तर पिल्लं भिंतीकडे पळतात, पाण्यापासून लांब. भिंतीने गेलं तर मध्ये येतात, पाण्याकडे. आणि पाय उचलत नव्हती. तुसातून घासत न्यायची, म्हणजे बसलेलं पिल्लू पायाखाली येत नाही, नुसतं उठतं. डाव्या हातात पत्र्याचा डबा असायचा. वाजवायची नाही, भिंतीच्या जाळीवर नुसता घासत न्यायची. मागच्या कोपऱ्यात पोचली की लगेच वळायची नाही. तिथे उकिडवी बसायची. गडबड झाली की पिल्लं आणखी दबतात, म्हणून थोडी थांबायची, मग एकेकाला मागून तळहाताने ढकलायची. जे उठतच नाही ते दोन हातांनी उचलायची आणि पाण्याशी न्यायची. मग उजव्या भिंतीने परत. आणि दोन वेळा जायची. दुसऱ्या वेळी पदर डोक्यावरून काढलेला असायचा, उकडायचं म्हणून."

प्राजू लिहून घ्यायची थांबली होती. "आई," ती म्हणाली, "एवढं कसं गं माहीत तुला?"

काय सांगणार होते मी तिला? सतरा वर्षं दारात उभी राहून मी तुझ्यावर जळत होते, वंदना. तू हिंडतेस आणि मी राबते, असं वाटायचं मला. भाऊजींचं तुझ्यावर प्रेम होतं, त्यांना तुझ्याकडे बघायची गरज पडली नाही. प्राजूचं प्रेम होतं, ती तुझं बोलणं ऐकत राहिली. तू कशी चालतेस, कुठे थांबतेस, कोणत्या हाताने काय करतेस, हे बघायला फक्त मला वेळ होता. तुझं एकही पाऊल माझ्या नजरेतून सुटलं नाही. आपल्या मरतुकीचा आकडा तालुक्यात कमी, याचं श्रेय मी इतकी वर्षं माझ्या चोखपणाला देत आले. अजूनही सगळं सोडत नाही. पण वाटणी करायला तयार आहे.

प्राजूने नियम बदलले. ठिपका डाव्या भिंतीने निघाला. पिवळे ठिपके भिंत सोडून मध्ये सरकले, पाण्याशी दाटले आणि एकेक करून निळे होत गेले. कोपऱ्यात हिरवा ठिपका थांबला. इतका वेळ थांबला की मला वाटलं कॉम्प्युटर बंद पडला. मग तिथलं एक पिवळं हललं, आणखी एक हललं, आणि तो उजव्या भिंतीने परत यायला लागला. प्राजूने माझ्या दंडाला डोकं टेकवलं. लहानपणी टेकवायची तसं. ते तुझ्यामुळे होतं, हे मला कळत होतं. तरी मी हलले नाही.

"दारात कोण असायचं?" तिने विचारलं.

"मी."

"मग तुझाही ठिपका टाकू?"

"टाक. पण त्याला चालायला लावू नकोस. तो दारातच उभा राहतो आणि तिच्याकडे बघतो."

"रंग कुठला देऊ?"

"हिरवा सोडून कुठलाही," मी म्हटलं.